खोबरेलाचा घाट

आमच्या घरात काळजी करायचं काम एकाच माणसाकडे आहे, आणि तो ते इतकं मन लावून करतो की बाकीच्यांच्या वाट्याला काही उरत नाही. मुरारी उतेकर. म्हणजे आमचे हे. महाडच्या कोर्टात बेलिफ आहेत. समन्स आणि नोटिसा घेऊन गावोगाव जायचं, ज्याच्या नावाचा कागद त्याच्या हातात द्यायचा, सही घ्यायची आणि परत यायचं. यांची खाकी पिशवी वाडीच्या वाटेवर दिसली की माणसं मागच्या दाराने रान गाठतात. ज्याला बघून अर्धा तालुका घाबरतो तो माणूस स्वतः गॅसच्या शेगडीला घाबरतो, हे मी कोणाला सांगितलं तरी पटत नाही.

घराला कुलूप लावलं की हे ते ओढून बघतात. कोपऱ्यापर्यंत जातात, परत येतात, पुन्हा ओढतात. एके दिवशी कडीच निघून हातात आली, तेव्हा म्हणाले, "बघ, मी ओढलं म्हणून कळलं." सावित्रीच्या पुलावर उभं राहून पाण्याचा अंदाज घेतात, तोही मार्च महिन्यात. कशेडीला बोगदा होऊन घाट वाचला, पण हे बोगद्यातही समोरच्या सीटचा दांडा धरून बसतात. आणि एसटीत बसले की यांचा उजवा पाय खाली ब्रेक दाबत असतो. ड्रायव्हरचा ब्रेक वेगळा, यांचा वेगळा. यांच्या उजव्या चपलेचा तळ डाव्याच्या आधी झिजतो, हे आमच्या चांभारालासुद्धा ठाऊक आहे.

मी शाळेत शिकवते. पहिलीतली पोरं आवरून घरी येते तेव्हा माझ्यात फारशी सबुरी उरलेली नसते, त्यामुळे या काळज्यांवर मी फार वर्षं नुसती चिडत आले. पण एका काळजीला कारण होतं, ते आधी सांगायला हवं.

लग्नानंतरच्या दुसऱ्या पावसाळ्यात हे एक समन्स घेऊन करंजवाडीला निघाले होते. करंजवाडी पोलादपूरच्या वर डोंगरात आहे. खालच्या फाट्यावरून वडापची, माणसं कोंबून नेणारी, जीप करायची आणि चढ चढायचा. त्या रस्त्यावर उंबराचं वळण म्हणून एक जागा आहे. तिथे समोरून ट्रक आला, जीपवाल्याने वाट द्यायला गाडी कडेला घेतली आणि मागचं डावं चाक गटाराच्या चिखलात उतरलं. त्याने जोर दिला. चिखलातलं चाक भिंगरीसारखं फिरायला लागलं आणि जीप हळूहळू मागे, दरीकडे सरकायला लागली. एका दगडाला टेकली म्हणून थांबली. कोणाला काही झालं नाही. एका म्हातारीची कोंबडी तेवढी पाटीतून उडून गेली ती सापडली नाही.

घरी आले तेव्हा यांना ताटाकडे बघवेना. घाबरले की यांची भाषा वाडीची होते, आजही होते. म्हणाले, "एक चाक कोरड्या डांबरावर होतं गो. मी मागं बसून बघत होतो. ते का नाय फिरलं? ते फिरलं असतं तर गाडी निघाली असती."

मी म्हटलं, ते जीपवाल्याला विचारा. पण हा प्रश्न यांनी सोडला नाही. कोणी मेकॅनिक भेटला की विचारायचे. तो "डिफरन्शियल असतो ना भाऊ" असं म्हणून मोकळा व्हायचा, आणि हे मान हलवून घरी यायचे. समजलेलं काहीच नसायचं.

उत्तर मिळालं ते आमच्या निशिगंधामुळे. ती पाचवीत असताना माझा भाऊ अनिल मुंबईहून गणपतीला आला तेव्हा तिच्यासाठी प्लास्टिकच्या ठोकळ्यांचा मोठा डबा घेऊन आला. एकात एक बसवून वस्तू करायच्या ते ठोकळे. त्यात दांडे होते, दातेरी चाकं होती, रबरी टायर होते, एक छोटी मोटर आणि रिमोटही होता. निशीने पहिली गाडी केली ती मोटर थेट मागच्या दांड्याला जोडून. फरशीवर अशी सुटली की मांजर कपाटावर चढलं. पण पायपुसण्यापाशी आली की ठप्प. मोटर नुसती कण्हायची.

हे आरतीला जायचं सोडून खाली मांडी घालून बसले. बापलेकीने मोटरला लहान दातेरी चाक लावलं, त्याला मोठं जोडलं. लहान चाक बरेच फेरे मारतं तेव्हा मोठ्याचा एक फेरा होतो, म्हणजे वेग गेला पण ताकद आली. गाडी गोगलगायीसारखी पायपुसणं चढून गेली. त्या दिवशी यांच्या चेहऱ्यावर जे हसू होतं ते मी आमच्या लग्नातही पाहिलेलं नव्हतं.

मग गाडी वळेना. दिवाणाच्या पायाभोवती फिरवायची म्हटली की मागची चाकं फरपटायची, टायर चुईचुई करायचे. निशी रडकुंडीला आली. हे कागदावर वळण काढून बसले आणि म्हणाले, "वळताना बाहेरच्या चाकाला लांबची वाट, आतल्याला जवळची. दोघांना एकाच दांड्यावर बांधलं तर एकाची फरपट होणारच." डब्याच्या तळाशी एक छोटा पिंजरा होता, आत तिरक्या दातांची तीन चाकं. मेकॅनिक म्हणायचे तो डिफरन्शियल म्हणजे हाच. दांडा मधोमध तोडून तो पिंजरा बसवला. गाडी पायाला सुरेख वळसा घालून आली.

निशीने टाळ्या वाजवल्या. यांनी गाडी उचलून हातात धरली आणि मोटर चालू केली. दोन्ही चाकं सारखी फिरत होती. यांनी एक चाक बोटांनी धरलं. ते थांबलं आणि दुसरं दुप्पट वेगाने फिरायला लागलं. हे नुसते बघत राहिले. मग मला हाक मारली. "वैशाली, हे बघ. जे चाक अडलंय त्याला काय मिळत नाय. जे मोकळं आहे त्याच्याकडेच सगळं जातं. त्या दिवशी जीपचं हेच झालं." इतक्या वर्षांनी उत्तर सापडलं तरी चेहरा उतरलेलाच होता. मला वाटलं होतं कारण कळलं की भीती जाईल. उलट आता तिला नाव मिळालं.

पुढे हा त्यांचा दोघांचा छंदच झाला. रविवार आला की दिवाणावर ठोकळे. पुराच्या वर्षी आमच्या घरात छातीपर्यंत पाणी होतं. पाणी ओसरल्यावर लोक कपाटं, गाद्या उचलत होते, आणि ही दोघं चिखलात हात घालून दातेरी चाकं शोधत होती. बादलीत साबणाचं पाणी करून जुन्या टूथब्रशने एकेक दात घासला. मी तेव्हा दोघांना नको नको ते बोलले. बरेच तुकडे मिळाले, काही सावित्रीने नेले.

निशी नर्सिंग शिकली आणि तिची नेमणूक कुठे व्हावी? करंजवाडीच्या आरोग्य उपकेंद्रात. आदेश वाचून हे खुर्चीत बसले ते उठेचनात. तिने पहिलं वर्ष एसटीने काढलं. गाडी वाडीत पोचायची ती उन्हं वर आल्यावर, आणि पावसाळ्यात तर फाट्यावरच थांबायची. मग तासभर चढ चालायचा. या जूनमध्ये एक बाळंतपण तिच्या वाटेकडे डोळे लावून बसलं आणि ती पोचायच्या आत होऊनही गेलं. बाळ-बाळंतीण सुखरूप होती, पण निशी घरी आली ती गप्प होती. दुसऱ्या दिवशी तिने सांगितलं की मैत्रिणीची जुनी गाडी ती घेते आहे. गाडी चालवायला ती आमच्या नकळत पाचाडच्या रस्त्यावर शिकली होती.

"पावसाळ्यात? उंबराच्या वळणावरून?" हे म्हणाले. "नाय."

"बाबा, रस्ता आता रुंद झालाय."

"चिखल तोच हाय."

आमची पोरगी भांडत नाही. तिला कमवायला लागून वर्ष होऊन गेलं, तरी वडील नको म्हणाले तर ती करत नाही. माझ्या तर डोक्यात तिडीक गेली. मी म्हटलं, "अहो, सगळं जग चालवतं गाड्या." हे म्हणाले, "सगळं जग माझी पोरगी नाय."

तोडगा निशीनेच काढला. म्हणाली, "बाबा, मॉडेलवर बघूया. चढ करू, एका बाजूला चिखल करू. आपली गाडी चढली तर मी जाते. नाही चढली तर एसटी." यांनी जरा विचार केला आणि हात पुढे केला. दोघांनी टाळी दिली. मला हा पोरखेळ वाटला, पण ती दोघं त्यात पुरती गंभीर होती. त्या टाळीवर माझ्या मुलीची नोकरी आणि एका वाडीची बाळंतपणं टांगलेली होती.

माळ्यावरची लांब फळी खाली आली. एक टोक जमिनीला, एक दिवाणाला टेकवलं. घरात चिखल आणायला मी बंदी केली, तर यांनी माझी खोबरेल तेलाची बाटली उचलली आणि फळीच्या उजव्या अर्ध्या भागावर तेल चोपडलं. डावी बाजू कोरडी. आमच्या खोलीत तो घाट महिनाभर उभा होता आणि सगळ्या घराला देवळासारखा वास यायचा. माझी वेणी मात्र कोरडी.

गाडी चढायला निघायची, उजवं चाक तेलावर आलं की गरगर फिरायचं, डावं कोरड्या फळीवर ढिम्म, आणि गाडी सावकाश मागे सरकत यायची. ती मागे सरकली की हे डोळे मिटून घ्यायचे. मीही बघणं सोडून दिलं होतं, कारण मला आता त्या प्लास्टिकच्या गाडीत निशी बसलेली दिसायची.

निशीने गियर आणखी हळू केला. "उपयोग नाय," हे म्हणाले, "ताकद वाढवलीस, पण ती जातेय चुकीच्या चाकाकडे." खरंच, चाक पूर्वी भरभर घसरायचं ते आता हळूहळू घसरायला लागलं. मग बॅटरीचं खोकं मागे चाकांवर आणलं, वजन वाढलं, गाडी चार बोटं जास्त चढली आणि घसरली. मग पिंजऱ्याला रबरबँड गुंडाळला, म्हणजे आतली चाकं जरा अडून राहतील. तेव्हा मोटरच थांबली. खरा इलाज दोघांना ठाऊक होता. पिंजरा आणि दांडा एकत्र अडकवणारं एक छोटं कडं असतं. ते सरकवलं की दोन्ही चाकं बांधली जातात आणि ताकद अर्धी अर्धी होते. आमचं कडं पुरात गेलं होतं. अनिलने मुंबईहून पाठवलं ते दांड्यावर बसेना.

मी यांना एकदा एकटं गाठून विचारलं, "तुम्हाला ती चढायला हवी आहे की नको?"

"खरं सांगू? नको," म्हणाले. "पण हात ऐकत नायत. वाईट गाडी बांधायला जमत नाय."

त्याच आठवड्यात करंजवाडीच्या चंद्राबाई आल्या. जमिनीच्या दाव्याची तारीख होती, कोर्टातून थेट आमच्याकडे. जूनमध्ये जी बाळंत झाली ती चंद्राबाईंची नातसून. फळी, तेल, गाडी सगळं त्यांनी डोळे भरून बघितलं आणि हे काय चाललंय ते विचारलं. निशी घरात नव्हती, म्हणून मी सांगून टाकलं. म्हातारी हसली नाही. यांच्याकडे वळून म्हणाली,

"मुरारी, तुजं काय चुकत नाय रे. बापाचं काळीज हाय. पन एक सांगते. तू कागुद घेऊन येतस तवा आमी पलतो. मागल्या दारानं. ती येते तवा आमी वाटंवर हुबी ऱ्हातो."

हे चंद्राबाईंना एसटीत बसवून आले आणि बराच वेळ त्या फळीसमोर बसून राहिले. मला वाटलं, आणखी एक काळजी लावून घेतली.

निशीची गाडी, पैसे आधीच दिलेले होते म्हणून, निकाल लागायच्या आत घरी आली ती रविवारी सकाळी. मी तिची पूजा केली. बॉनेटवर हळदीकुंकवाचं स्वस्तिक, नारळ, चाकांखाली लिंबं आणि वर अक्षता. ताम्हणात कुंकवाने लाल केलेल्या चिमूटभर अक्षता उरल्या, त्या मी दिवाणावरच्या ठोकळ्यांच्या गाडीवर टाकल्या. म्हटलं, "घे बाई, तूही सुखरूप जा." निशी हसली. यांना ते आवडलं नसावं. जेवायच्या आधी ते गाडी घेऊन मागच्या ओट्यावर बसले आणि एकेक दाणा झटकत होते. मी पानं वाढली तेव्हा आत आले.

जेवणं झाली. हे म्हणाले, "आज शेवटचं बघू. रोज रोज नको."

निशीने रिमोट घेतला. तिचा चेहरा पडलेला होता, तिला निकाल माहीत होता. गाडी निघाली. उजवं चाक तेलावर आलं. चाक जरासं घसरलं, पण या वेळी डावंही फिरत होतं. गाडी थरथरत, टायर घाशीत चढत राहिली. फळीच्या टोकाशी पोचली, दिवाणावर गेली. तिथे निशीने डावीकडे वळवायचं बटण दाबलं. पुढची चाकं वळली, पण गाडी वळलीच नाही. मागची चाकं उड्या मारत तिला सरळ दिवाणाच्या कडेला घेऊन गेली. पडायच्या आत निशीने झेलली.

निशीने गाडीकडे पाहिलं, मग वडिलांकडे. ते खिडकीबाहेर बघत होते.

"चढली," हे म्हणाले. "टाळी दिली होती. जा उद्यापासून."

निशी उठून त्यांच्या पाया पडली. मी डोळे पुसले आणि खोबरेलाची बाटली परत कपाटात ठेवली.

सोमवारी पहाटेपासून पाऊस कोसळत होता. शाळांना सुट्टी जाहीर झाली, पण दवाखान्याला कसली सुट्टी? निशी गाडी काढून गेली. हे तिच्या मागे गल्लीच्या तोंडापर्यंत गेले आणि तसेच पुढे कोर्टात. घरात मी एकटी. दारातली दोन गोणपाटं जागेवर नव्हती, त्यावरून मी मनातल्या मनात यांच्यावर चिडून घेतलं. मग ती फळी पुसायला काढली, आणि गाडीची तेलकट चाकंही पुसायला घेतली.

इतकी वर्षं बघून मलाही सवय लागली आहे. एक चाक धरलं आणि दुसरं फिरवून पाहिलं. फिरेना. पुन्हा फिरवलं. दोन्ही चाकं एकदम वळायला लागली. पिंजरा उजेडात धरला तर आत, तिरक्या दातांच्या मधे, तांदळाचा लाल दाणा घट्ट बसलेला.

माझी अक्षता.

गाडी तिच्या ताकदीने चढली नव्हती. मी टाकलेला दाणा आत अडकला आणि दोन चाकं बांधली गेली, म्हणून चढली. दिवाणावर ती का वळली नव्हती तेही आत्ता कळलं. आणि त्या दाण्याच्या भरवशावर माझी पोरगी या पावसात उंबराच्या वळणाकडे निघाली होती. तिच्या खऱ्या गाडीत कुठला दाणा? मी फोन लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. पुन्हा लावला. तेच. मी छत्री घेतली, कुलूप लावलं, ओढून बघितलं आणि कोर्टाकडे धावत सुटले.

हे कोर्टाच्या व्हरांड्यात बाकावर बसले होते. पिशवी मांडीवर, मोबाइल हातात.

"अहो, ती गाडी..." मला धाप लागली होती. "त्यात तांदूळ आहे. माझ्या हातून पडला. तो अडकला म्हणून चढली ती. तिला परत बोलवा."

"माहीत हाय," हे म्हणाले.

"काय माहीत आहे?"

"तुजा दाणा वर टपावर पडला होता. आत मी घातला. काडेपेटीच्या काडीनं."

पाऊस पन्हळीतून धो धो पडत होता. मी ओरडलेच, "डोकं ठिकाणावर आहे का? जन्मभर एसटीतसुद्धा घाबरता आणि स्वतःच्या मुलीला खोटं दाखवून पाठवलंत?"

"हळू बोल, कोर्ट हाय." मग मोबाइलकडे बघतच म्हणाले, "नाय चढली असती तर ती गेली नसती. ती माजं ऐकते गो. तेच मला सहन होईना. दुसरी कोण असती तर म्हातारा बडबडतो म्हणून निघून गेली असती. ही बसली असती एसटीत. जन्मभर. चंद्राबाई बोलली ते ऐकलंस ना तू?"

"आणि घसरली म्हणजे?"

"घसरणार. चिखल हाय, घसरणारच. म्हणून तर डिकीत गोणपाटं घातलीत. फिरणाऱ्या चाकाखाली सारायची, त्याला पकड आली की दुसरंपण चालतं. काल संध्याकाळी तिला करून दाखवलं सगळं."

माझी गोणपाटं. मला रागही आला आणि रडूही. मी त्यांच्या शेजारी बाकावर बसले. तेव्हा माझं लक्ष खाली गेलं. त्यांचा आवाज शांत होता, पण उजवा पाय व्हरांड्याच्या फरशीवर इतका जोरात दाबलेला होता की नडगी ताठ झाली होती. सकाळी ती निघाल्यापासून तो माणूस ब्रेक दाबून बसला होता. मला त्यांची कीव आली नाही. मला अभिमान वाटला, आणि तो त्या घाईत सांगता आला नाही.

माझाच फोन वाजला. निशी.

"आई, पोचले. इथे टॉवर नाही, उपकेंद्राच्या फोनवरून बोलतेय. बाबा जवळ आहेत?"

"आहेत."

"मग नुसतं ऐक, बोलू नकोस. उंबराच्या वळणावर ट्रकला वाट देताना चाक चिखलात गेलं. जागेवर फिरायला लागलं. मी उतरले, गोणपाट सारलं, निघाली गाडी. गोणपाट फाटलं तुझं. आणि त्या ठोकळ्यांच्या गाडीत तांदूळ आहे ना? दिवाणावर वळेना तेव्हाच कळलं मला. बाबांना वाटतंय मला कळलं नाही. तसंच राहू दे. मी ठेवते, बाहेर रांग आहे."

मी फोन खाली घेतला. हे माझ्या तोंडाकडे बघत होते.

"काय म्हणते?"

"पोचली म्हणते."

"वळणाला?"

"वळली."

त्यांनी पाय फरशीवरून उचलला, दोनदा झटकला, त्याला मुंग्या आल्या होत्या. मग उठले, पिशवी खांद्याला लावली आणि आतले कागद चाळून एक वर काढला.

"करंजवाडीचं एक समन्स हाय," म्हणाले. "देऊन येतो. जाताना एसटी हाय अकराची. येताना तिच्या गाडीनं येईन म्हणतो."

मी छत्री पुढे केली, ती त्यांनी घेतली, आणि डेपोच्या दिशेने चालायला लागले. गाडीत डाव्या सीटसमोर ब्रेक नसतो, हे त्यांना माझ्याहून चांगलं ठाऊक आहे. तरी गेले.